हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे म्हणे

आज लेकीच्या शाळेत पालकसभा होती. दीड तास गॅदरिंगचे ड्रेस, बसची फी आणि वर्गातले नवे कॅमेरे. शेवटी मी विचारलं, मैदानावर कुणी अचानक कोसळलं तर इथे सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, कुणाला येतं? मुख्याध्यापिका हसून म्हणाल्या, "काळजी नको मॅडम, आपलं हॉस्पिटलशी टाय-अप आहे, दहा मिनिटांवर." मागून एक बाबा, "अहो, लहान मुलांना कुठे हार्ट अ‍ॅटॅक येतो?"

डोकंच फिरलं.

हृदय बंद पडलं की चार-पाच मिनिटांत मेंदूची वाट लागायला सुरुवात होते. कुणी छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. मग त्या टाय-अपचं काय लोणचं घालायचं?

आमच्या कंपनीतल्या स्टोअरच्या काकांचं ज्यांनी माझ्याकडून ऐकलंय, त्यांनी पुन्हा ऐका. कॅन्टीनच्या रांगेत ताटासकट खाली गेले. फरशीवर आमटीच आमटी. फिट आली म्हणून एकाने चप्पल हुंगवली, एकाने कांदा फोडून आणला, पाणी मारून झालं, तळवे चोळून झाले. काका मधूनच घशातून घर्रर्र आवाज काढायचे आणि सगळे म्हणायचे, "श्वास चालू आहे!" तो श्वास नसतो हो. हृदय थांबल्यावरही थोडा वेळ तसे आचके येतात. हाकेला ओ नाही, श्वास धड नाही, एवढं दिसलं की 108 ला फोन करायला सांगायचं आणि छाती दाबायला घ्यायची.

एक अप्रेंटिस पोरगा, एनसीसीत शिकलेला, बसला की गुडघ्यांवर. दाबायला लागलाही. तर आमच्या एका साहेबांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "अरे, बरगड्या मोडशील त्यांच्या!"

मोडतात कधीकधी, मान्य. बरगडी जुळून येते. काका नाही आले.

प्रथमोपचार पेटी होती बरं का. दर 150 कामगारांमागे एक, 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्येच लिहिलं होतं. आत कापूस आणि सुकलेल्या पट्ट्या. मार्चमध्ये सेफ्टी वीकची शपथ, बॅनर, समोसे सगळं साग्रसंगीत. एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, मागितलं की बजेट नाही. स्वस्त नसतं, ठीक आहे. पण रिसेप्शनला इटालियन मार्बल घालताना कुणी बजेट काढलं नव्हतं. ते यंत्र पॅड कुठे चिकटवायचे ते बोलून सांगतं, गरज नसेल तर झटका देतच नाही. भ्यायचं कशाला?

आणि त्या बाबांसाठी: हार्ट अ‍ॅटॅक म्हणजे रक्तवाहिनी तुंबणं. मी म्हणतेय ते हृदयाची विजेची लय बिघडून ते थांबणं. नेमक्या क्षणी छातीवर बसलेला सीझन बॉल धडधाकट पोराचंही हृदय थांबवू शकतो. शिवाय शाळेत काय फक्त मुलंच असतात? पीटीचे सर, बसकाका, गॅदरिंगला आलेले आजोबा?

2021 च्या युरो फुटबॉल स्पर्धेत डेन्मार्कचा खेळाडू एरिक्सन हृदय थांबून मैदानातच पडला. तिथल्या तिथे छाती दाबली, तिथेच झटका दिला. पुढच्या वर्षी गडी पुन्हा खेळत होता. डॉक्टर जवळच होते, हो. पण त्याच देशाने 2005 मध्ये शाळेत हे शिकवणं सक्तीचं केलंय, त्याचं काय?

शिक्षकांवर राग नाही माझा. निवडणुका, सर्वेक्षणं, आता हेही, असं त्यांना वाटणारच. पण तोंडाने श्वास द्यायचीही सक्ती नाही. छातीच्या मधोमध दोन्ही हात, पाच-सहा सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. एका दुपारचं काम आहे.

तो पोरगा नंतर चहाच्या टपरीवर भेटला. "मॅडम, साहेबांचं ऐकायला नको होतं का मी?" एकोणीस वर्षांचं पोर. म्हटलं, बाळा, तिथे बरोबर वागणारा तू एकटाच होतास. त्याला पटलं नाही बहुतेक.

असो. शनिवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये माझी भूलतज्ज्ञ मैत्रीण सरावाचा पुतळा घेऊन येतेय. वॉचमन आणि बसकाकांना पहिल्या रांगेत बसवणार आहे. येणार असाल तर खाली नाव लिहा. नुसता अंगठा नको.