घरच्या घरी स्पोर्ट्स कार: साहित्य एक झेन, एक उस्ताद आणि आठ वर्षं

बऱ्याच जणांनी विचारलं की बाबा तुझ्या गाडीचं काय झालं, आम्हाला पण असं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. म्हटलं एकदाच नीट लिहून टाकावं, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं खोटं सांगायला नको.

सगळ्यात आधी गाडी निवडा. शोरूममधून वेगवान गाडी आणणं कुणालाही जमतं, बँकेत दहा ठिकाणी सह्या ठोकल्या की झालं, त्यात आपलं असं काय राहिलं. आपल्याला पाहिजे मारुतीची जुनी झेन. १९९३ ला आलेली, ९९३ सीसी, ॲल्युमिनियमचं इंजिन, ५० हॉर्सपॉवर आणि वजन साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे साधारण दीड म्हैस. वजनाचं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित त्या हलकेपणावर उभं आहे आणि ते गणित तुम्ही लग्नात, बारशाला, दहाव्याला, जिथं कुणी हातात सापडेल तिथं सांगणार आहात.

झेन शक्यतो रिटायर्ड माणसाकडून घ्या. आम्ही घेतली ते काका बँकेतले, १९९८ चं मॉडेल, सीटवर अजून क्रोशाचे रुमाल, डॅशबोर्डवर गणपती, आणि डिकीत एक वही, तिच्यात वीसेक वर्षांत भरलेल्या प्रत्येक पेट्रोलची नोंद, तारीख, लिटर, किलोमीटर, ॲव्हरेज, सगळं निळ्या शाईत. किल्ली देताना त्यांनी विचारलं, "नीट वापराल ना?" मी म्हटलं काका, अगदी घरच्यासारखी. चौथ्या दिवशी ग्राइंडर चालवला.

आता इंजिन. झेनचं मूळचं काढायचं आणि मारुतीच्याच एस्टीमचं १३०० सीसीचं टाकायचं. दोन्ही सुझुकीच्या जी घराण्यातली, एका आजोबांची नातवंडं, त्यामुळं "बसतं, आरामात बसतं" असं सगळे सांगतात. बसतं हा शब्द नीट समजून घ्या. माझा मेहुणा पण आमच्या दिवाणावर आरामात बसतो, उठवायला काय लागतं ते मला विचारा. तर एस्टीमचं १६ व्हॉल्व्हवालं एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारं, ८५ हॉर्सपॉवरचं, साडेसातशे किलोला ८५ म्हणजे टनाला ११३. ज्या व्हीटेक होंडा सिटीचं नाव काढलं की आमच्या पिढीतली पोरं अजून हळवी होतात ती १०६ हॉर्सपॉवरची, पण ती गाडीच टनाच्या घरातली, म्हणजे कागदावर आपण तिच्या पुढं. कागदावर हा शब्द पण जरा समजून घ्या.

इंजिन मिळतं कुठं, तर मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. विकणारा सांगणार, साहेब ॲक्सिडेंटची गाडी होती, इंजिन फक्त ३० हजार चाललंय. या देशात आजवर भंगारात आलेलं प्रत्येक इंजिन ३० हजारच चाललेलं आहे, उरलेले किलोमीटर कोण चालवतं देव जाणे. मी आमच्या उस्तादला, म्हणजे गॅरेजवाल्या मेकॅनिकला, घेऊन गेलो, त्यानं ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं, बोटाला कटिंग चहासारखं काहीतरी चिकट लागलं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलेलं, म्हणजे पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी हेड गॅस्केट गेलेली, म्हणजे अजून काय काय गेलंय ते उघडल्यावर कळणार. त्यानं बोट माझ्यासमोर धरलं. मी दुसरीकडं बघितलं. मग आम्ही ते इंजिन घेतलं.

खर्चाचं आत्ताच सांगून ठेवतो. दोन हिशेब ठेवायचे. एक घरचा, त्यात सगळं "सर्व्हिसिंग" या नावाखाली जातं आणि कुठलाही आकडा १,८०० च्या वर जात नाही. दुसरा खरा, तो ठेवायचाच नाही. माझा एक मित्र एक्सेल शीट करायला गेला, ११ व्या ओळीला त्यानं बेरीज बघितली आणि गाडी विकून टाकली, आता तो सायकल चालवतो आणि कुणाशी फारसं बोलत नाही.

वायरिंग. इथं मात्र जरा बसून वाचा, कारण इंजिन बसवणं हे हमालीचं काम आहे, चार माणसं आणि एक चेन ब्लॉक असला की होतं, खरा माणूस मरतो तो वायरिंगमध्ये. आमच्या झेनला कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा. कार्ब्युरेटर म्हणजे साधा संसारी माणूस, पाव बारच्या प्रेशरनं पेट्रोल वर चढवून दिलं की बाकीचं तो बघून घेतो. एमपीएफआयला अडीच-तीन बार लागतं, म्हणजे टाकीत वेगळा पंप आला, पंपाबरोबर वेगळ्या लाइनी आल्या, मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आला, आणि त्या ईसीयूला हवा किती येतेय, पाणी किती तापलंय, क्रँक कुठं आहे, पाय ॲक्सिलरेटरवर किती आहे हे सगळं सतत कुणीतरी सांगत राहावं लागतं, सासूबाईंसारखं, नाही सांगितलं की ते रुसून बसतं आणि इंजिन फट्ट करून बंद. म्हणजे चार सेन्सर आणि गुडघाभर वायर. आमच्या इलेक्ट्रिशियननं सगळं वायरिंग पिवळ्या वायरनं केलं. सगळं. का, तर त्या दिवशी दुकानात पिवळंच बंडल होतं. मी विचारलं नंतर काही बिघडलं तर कुठली वायर कुठली कसं कळणार, तो म्हणाला मला माहितीये ना. चार महिन्यांनी तो दुबईला गेला. आता हॉर्न वाजवला की डावा इंडिकेटर लागतो, आणि खरं सांगू, पुण्यात डावा इंडिकेटर लागला काय नि नाही काय.

इथपर्यंत येऊन थांबलात तर तुमच्याकडं एक बरी गाडी असेल. म्हणून थांबायचं नाही. टर्बो लावायचा.

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडं फुकट चाललेल्या गरम धुरावर एक पंखा फिरवायचा, त्याच दांड्याला दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, त्यावर ७ पीएसआय कोंबले की जवळजवळ दीडपट हवा, तेवढंच दीडपट पेट्रोल, म्हणजे ८५ चे सव्वाशे. इतकं सोपं आहे. मी हे बायकोला ती मेथी निवडत होती तेव्हा समजावून सांगितलं, तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग कंपनीनं का नाही लावला? या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवा.

उत्तर असं आहे की हवा दाबली की तापते, तापलेल्या हवेत स्पार्कची ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल स्वतःहून पेटतं, त्याला नॉकिंग म्हणतात, इंजिनात कुणीतरी डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. ते टाळायचं तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, कमी करा, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर लावा, इग्निशन मागं घ्या, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पाडा, पेट्रोल जास्त ऑक्टेनचं, म्हणजे सहजासहजी स्वतःहून न पेटणारं टाका, २०२० पासून १०० ऑक्टेनचं पण मिळतं आपल्याकडं, दर विचारायच्या आधी बूड टेकवून घ्या. आता कंपनीकडं इंजिनियर होते, त्यांना हे माहिती होतं. आपल्याकडं उस्ताद आहे. उस्तादनं भंगारातल्या डिझेल गाडीचा टर्बो आणला कारण तो स्वस्त मिळत होता. डिझेलचा धूर पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, पेट्रोल टर्बो गाडीचा जोर लावल्यावर ९०० अंशांच्या वर जातो, तो टर्बो बिचारा त्या गरमीसाठी जन्मलेलाच नाही. हे मी उस्तादला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "साहेब, आधी लावू, मग बघू." ही ओळ लिहून घ्या, अख्ख्या मॉडिफिकेशनचं शास्त्र या चार शब्दांत आहे.

ब्रेक शेवटी बघायचे असतात. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते हे आपण नववीत शिकलोय पण नववीत आपण बरंच काय काय शिकलो. पुढं डिस्क, मागं ड्रम, १९९८ चे, गाडी जोपर्यंत पार्किंगमधून हलत नाही तोपर्यंत अप्रतिम आहेत. गाडी खाली बसवायची असेल तर कॉइलचे दोन वेढे कापा, कापलेली स्प्रिंग कडक होते, मग सोसायटीच्या गेटपासून चौकापर्यंत जे सात स्पीडब्रेकर आहेत ते तुम्हाला एकेक करून मणक्यात मोजता येतात. मागं मोठ्ठा स्पॉयलर हवाच. गाडी पुढच्या चाकांवर पळते आणि स्पॉयलर मागच्या चाकांना दाबून धरतो, म्हणजे काम करणाऱ्याला सोडून बसलेल्याला दाबायचं, आमच्या ऑफिसात पण हेच चालतं. आणि सायलेन्सर फ्री फ्लो, म्हणजे धूर आणि आवाज फारसा न अडवणारा. पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवलेले फोटो बघितले असतीलच, पण ते बुलेटवाल्यांचे, आपण सभ्य लोक.

कायद्याचं थोडक्यात. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की कंपनीनं जशी बनवली त्यात मूलभूत फेरफार चालणार नाही, आणि त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात सुधारणा झाली, विनापरवानगी असं काही केलं तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागं पाच हजार दंड, किंवा दोन्ही. बदलामागं. मी एका रविवारी वही घेऊन गाडीभोवती फिरून मोजलं, २३ बदल, म्हणजे १ लाख १५ हजार. गाडी ४५ हजारांची. दंडाच्या हिशेबानं तरी किंमत वाढवली म्हणायची. शिवाय पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंग, आणि आरसीवर इंजिन नंबर अजून झेनचाच आहे, म्हणून ते मूळचं इंजिन मी फेकलं नाही, गोणपाटात गुंडाळून दिवाणाखाली ठेवलंय. मेहुणा त्यावरच झोपतो, त्याला माहिती नाही.

जाता जाता, सगळेच आपल्यासारखे नसतात. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका माणसानं भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, ६० हजारांच्या आसपास खर्चून, पोरासाठी. २०२१ च्या शेवटी तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी बघितला, गाडी ठेवून घेतली आणि बदल्यात बोलेरो दिली. मी हे बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, त्याची चालत होती.

माझी पण चाललीये. एकदा. टर्बो लावायच्या आधी, एका पहाटे साडेपाचला, सिंहगड रोड रिकामा होता तेव्हा, आणि इथं मी चेष्टा करत नाही, सेकंड गिअरला ५ हजार आरपीएमच्या वर ते इंजिन जे काही ओढतं ना, आवाज एकदम बदलतो, स्टिअरिंग हातात जिवंत होतं, क्रोशाचा एक रुमाल मागच्या सीटवर राहिला होता तो उडून काचेला चिकटला, आणि मी एकटाच गाडीत मोठ्यानं हसत होतो, वय वर्षं ४१. अकरा मिनिटं. मग पाण्याच्या पाइपचं क्लिप निसटलं, मीच आवळलं नव्हतं नीट, आणि सगळ्या काचा आतून-बाहेरून पांढऱ्या. टो करून आणली. काकांच्या वहीत त्यांच्या शेवटच्या नोंदीखाली मी तेवढीच एक ओळ लिहिलीये: ४ किलोमीटर, ॲव्हरेज काढता आलं नाही.

तेव्हापासून गाडी पार्किंगमध्येच आहे, चार विटांवर, आमचा स्लॉट उघड्यावरचा, दिवसभर कडक ऊन. सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला "सदर वाहन" म्हणून एक मेसेज पडतो, फोटोसकट, खाली ऑइलचा डाग गोल करून दाखवलेला. मी दर वेळी लिहितो की काम ८० टक्के झालंय. गेली पाच वर्षं ते ८० टक्केच झालंय.

या महिन्यात मात्र खरंच मनावर घेतलंय, टर्बोचं मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर टर्बोकडं नेणारा पाइप, कोल्हापूरला उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून करून घेतलं, फार सुबक झालंय, मी ते दोन रात्री उशाशी घेऊन झोपलो. काल उस्ताद पण आला, वेळेवर, हे आठ वर्षांत दुसऱ्यांदा. आम्ही पाने घेऊन खाली गेलो तर बॉनेटवर पांढरं धोतर पसरलेलं आणि त्यावर गव्हाच्या कुरडया. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या. त्यांचं म्हणणं काळा पत्रा असल्यामुळं गच्चीपेक्षा इथं लवकर वाळतात आणि ही गाडी काही कुठं जात नाही. मी वर हाक मारली की काकू, बॉनेट उघडायचं होतं जरा.

काकू गॅलरीत आल्या, डोळ्यांवर हात धरून खाली बघितलं आणि म्हणाल्या, "गुरुवारी उघड रे बाबा, अजून आतून ओलसर आहेत."

उस्ताद म्हणाला गुरुवारी त्याला जमणार नाही.