‘हलका पाऊस’ म्हणजे चार थेंब, हे कुणी ठरवलं?

सांगली-तासगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘वेधशाळेने फक्त हलका पाऊस सांगितलाय, म्हणजे चार थेंब. बेदाणा, कांदा झाकू नका, झाकलं की माल उबतो. मागचा अंदाजही खोटा निघाला. ढगांनी उन्हाळा उतरला, आणि मार्चात पाऊस म्हणजे मान्सून लवकर.’ बेदाणा वाळवायच्या रॅकवर माल असलेल्या मामांनीच काल तो पुढे पाठवला, वर ‘यंदा रॅकच्या बाजूचे पडदे सोडत नाही’ असंही लिहिलं. अहो मामा, आजच सोडा!

हवामान विभागाच्या मोजमापात हलका पाऊस म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर. त्याहून कमी असेल त्याला ते ‘अतिहलका’ म्हणतात. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. तेव्हा १० मिलिमीटरचा ‘हलका’ पाऊस एकरावर ४० हजार लिटर पाणी ओततो, १० हजारी टँकर चार. शिवाय हा आकडा अख्ख्या दिवसाचा. वळवाची सर तेवढं पाणी वीस मिनिटांत टाकून जाते, आणि तेही वाऱ्यासकट.

बेदाण्याचा घात तो वारा करतो. पाणी आडवं येतं, छपराखालीही रॅकच्या कडेचे मणी भिजतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवल्यावर द्राक्षाच्या मण्यावरच्या मेणाची आडकाठी कमी झालेली असते, म्हणून तर तो लवकर वाळतो. असा अर्धा वाळलेला मणी भिजला की चिकट होतो, शेजारच्याला धरतो, काळपट पडतो. हवा दमटच राहिली तर बुरशी येते. म्हणून ढग चढायच्या आत वाऱ्याकडचे पडदे सोडून खालून बांधा आणि सर थांबली की लगेच वर करा. भिजलेल्या कडेचा माल वेगळा काढा. कोरड्यात मिसळलात तर त्याची ओल सगळ्या ढिगाला लागते.

‘झाकलं की उबतो’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. ताडपत्री थेट कांद्यावर अंथरून दिवसभर ठेवली तर आतून घाम धरतो आणि कांदा सडतो. पण उपाय उघडं ठेवणं नव्हे. ताडपत्री बांबूवर उचलून बांधा, बाजू मोकळ्या ठेवा, भोवती चर काढा. मान ओली असताना पात कापू नका आणि तसा कांदा साठवणुकीच्या चाळीतही भरू नका. सुकल्यावर दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून कापा.

अंदाज खोटा? अंदाजातलं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के पाऊस मोजणाऱ्या केंद्रांवर. तुमच्या शिवारात पडला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही.

उन्हाळाही उतरलेला नाही. ढगांनी दिवसाचा पारा खाली येतो, पण रात्रीची उष्णता अडकून किमान तापमान वाढतं. आभाळ निवळलं की दुपार पुन्हा तापते.

मान्सूनचा तर इथे संबंधच नाही. बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा कोरड्या पश्चिमी वाऱ्यांना भिडली की असा पाऊस होतो. केरळातल्या आगमनाचे निकष वेगळे आहेत आणि ते १० मेनंतरच तपासतात.

आणि मामा, गडगडाट सुरू झाल्यावर झाकायला धावू नका, झाडाखाली तर थांबूच नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलवर घ्या, आणि पडदे दुपारच्या आतच सोडा.