करंट

मान अजून डावीकडे वळत नाही. कुणी डावीकडून हाक मारली की मी सबंध वळते, धक्क्याला लागणाऱ्या आगबोटीसारखी. आज पाचवा दिवस. ह्याच्या मुळाशी रोमानियातली एक म्हातारी आहे आणि तिचं म्हणणं खरं ठरलं, हीच माझी तक्रार आहे. खोटं ठरलं असतं तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं.

म्युनिकहून क्लूजपर्यंत विमान, तिथून घाट चढून-उतरून सिगेत नावाचं गाव. देशाच्या अगदी उत्तर टोकाला, तिसा नदीच्या काठावर. नदीपलीकडे युक्रेन. मारामुरेश म्हणतात ह्या भागाला. इथल्या गावांमधून लाकडी चर्चं आहेत, त्यातल्या 8 चर्चना युनेस्कोने 1999 साली यादीत घेतलं. शिवाय जवळच सपन्त्साची हसरी दफनभूमी. "सुट्टी काढून मसणात चाललीस?" आईने पुण्याहून विचारलं. आईला मी उत्तरं देत नाही.

तर सिगेत ते सपन्त्सा. 18 किलोमीटर. पांढरी मिनीबस, आपल्या वडापची सख्खी बहीण. ड्रायव्हरने पैसे घेतले, तिकीट दिलं नाही. मागितलं तर असा बघितला की जणू मी त्याची जन्मपत्रिका मागितली. ऑगस्टचा पहिला आठवडा, बाहेर 34 अंश, आत माणसं, दोन कलिंगडं आणि एक खोक्यातलं गवत कापायचं यंत्र. आणि सगळ्या खिडक्या बंद.

आता मी सहा वर्षं जर्मनीत राहते. तिथे घर भाड्याने घेतलं की दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडायच्या, असं करारातच सुनावतात. बाहेर उणे दहा असो. त्यामुळे बंद खोली दिसली की माझा हात आपोआप खिडकीकडे जातो. तसा तो गेला. काच दोन बोटं सरकली.

"कुरेन्त!"

मागच्या सीटवरून किंचाळीच आली. मी हात असा मागे घेतला की शेजारच्या कलिंगडावर आपटला. करंट! खिडकीत वीज उतरलीय आणि सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून बिचारे उकडत बसलेत, एवढं सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं. मी बोटं फुंकत मागे बघितलं. डोक्याला काळा रुमाल, फुलाफुलांचा झगा, वर लोकरीचं जाकीट (34 अंश, पुन्हा सांगते), मांडीवर पिशवी. म्हातारी उठली, माझ्यावरून ओणवी झाली आणि तिने खिडकी धाडकन लावली. त्याच खिडकीला, उघड्या हातांनी! म्हणजे वीजबीज काही नव्हती.

"ते त्राजे कुरेन्तुल, मामा," ती म्हणाली.

मामा? मी हिचा मामा कधी झाले?

शेजारी एक पोरगा होता. बव्हेरियात फरश्या बसवतो, ऑगस्टपुरता घरी आलेला. ऑगस्टात इथली निम्मी पोरं अशी परततात, लग्नं उरकतात आणि पुन्हा जातात. त्याचं बायरिश माझ्या जर्मनपेक्षा चांगलं. त्याने समजावलं की कुरेन्त म्हणजे झोत, वाऱ्याचा. आजी म्हणतायत, झोत तुम्हाला ओढेल. आणि मामा म्हणजे आई. इथे म्हाताऱ्या लहानांनाच लाडाने आई म्हणतात. मी त्रेचाळीस वर्षांची, माझ्या हाताखाली अकरा माणसं.

"ओढेल म्हणजे?"

म्हातारीने यादी दिली. कान, दात, मान, मूत्रपिंडं. प्रत्येक अवयव स्वतःच्या अंगावर बोट ठेवून दाखवला, मूत्रपिंडांसाठी पाठमोरी वळली, त्यात बसने वळण घेतलं आणि ती गवत कापायच्या यंत्रावर बसली. तिथूनच पुढचं सांगितलं. तिच्या दिराचं तोंड एका रात्रीत वाकडं झालं. खिडकी आणि दार, दोन्ही उघडी ठेवून निजला होता.

मला गप्प बसता आलं असतं. पण घाम पाठीवरून खाली निघाला होता. मी पोराला म्हटलं, विचार त्यांना, दिवसभर शेतात वाऱ्यात गवत कापता, तेव्हा काही होत नाही?

म्हातारीने माझ्याकडे फार कीव करून बघितलं.

"शेताला खिडकी असते का?"

अख्खी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा, ज्याने मला तिकीट दिलं नव्हतं. मला आजवर जर्मनच्या परीक्षेतसुद्धा इतकं निरुत्तर कुणी केलं नव्हतं. बाहेर असतं ते वारं, फटीतून येतो तो करंट. वाऱ्याने काही होत नाही, करंट माणूस संपवतो. ह्यात खोट कुठे काढायची, मी अजून शोधतेय.

एवढ्यावर थांबली असती तर हा लेख लिहिला नसता. तिने पिशवीत हात घातला, कापसाचा पुंजका काढला, बोटांत वळला आणि मला न विचारता माझ्या डाव्या कानात कोंबला. अंगठ्याने दाबला. माझी आजी कोरेगावला थंडीत असेच बोळे घालायची, आणि तेव्हासुद्धा मला आवडायचं नाही. उजव्या कानात घालायला ती वळली तोवर तिचं गाव आलं. कंपुलुंग ला तिसा. ती उतरली. खाली उभी राहून बाहेरून माझ्या खिडकीच्या काचेवर बोटाने टकटक केलं. बंद ठेव.

बस वळणाआड जाताच मी ती पूर्ण उघडली. उरलेला सगळा रस्ता तोंड बाहेर काढून, विजयाने, कुत्र्यासारखा प्रवास केला.

सपन्त्साला उतरले तेव्हा कापूस कानातच होता. दफनभूमीच्या दाराशी तिकीट देणाऱ्या बाईच्या नजरेवरून ते कळलं.

दफनभूमी खरंच सुंदर आहे. निळेजर्द क्रूस, 800 हून जास्त, प्रत्येकावर मेलेल्याचं रंगीत चित्र आणि खाली त्याचंच आत्मकथन, कवितेत. स्तान इओन पत्राश नावाच्या कारागिराने 1935 च्या सुमाराला हे सुरू केलं. तो 1977 मध्ये वारला, पण स्वतःचा क्रूस आधीच कोरून ठेवला होता. गाइड लोक सासूबाईंच्या क्रूसाशी सगळ्यांना थांबवतात. हिला उठवू नका, परत आली तर मला खाईल, अशा अर्थाचं त्यावर लिहिलंय. घोळके हसतात, फोटो काढतात, जातात. हसरी म्हणून नाव दिलं की माणसं फक्त हसायचं तेवढंच बघतात, ह्याचा मला राग येतो. तिथे एका लहान मुलीचा क्रूस आहे, टॅक्सीखाली गेलेल्या. सिबिऊहून आलेल्या टॅक्सीला ती शाप देते, की जळून जा, एवढ्या मोठ्या देशात तुला थांबायला माझ्या घराजवळचीच जागा मिळाली? तिथे कुणी थांबत नव्हतं. मी थांबले. मग घामाने आणि कशाकशाने डोळे चुरचुरायला लागले.

संध्याकाळी सिगेतला मुक्कामी परत. मी शाकाहारी, त्यामुळे प्रवासात माझं तोंड कायम फुकटचं वाकडं. पण ऑगस्टचे पहिले दोन आठवडे म्हणजे इथे मेरीमातेचा उपवास. 'द पोस्त' म्हटलं की मांस, अंडं, दूध, सगळं वर्ज्य. मी मोठ्या आनंदाने ते मागवलं. वाटलेला घेवडा आला, भरपूर लसूण घालून, वर तळलेल्या कांद्याचा ढीग. उपवासाला! कांदा-लसूण! आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "आणि हे लोक स्वर्गात जाणार?"

दुसऱ्या दिवशी सिगेतचा जुना तुरुंग बघायचा होता, जिथे कम्युनिस्ट राजवटीत राजकीय कैद्यांना कोंडत. आता तिथे स्मारक आहे. पाहिलं, अर्धवट, कारण सकाळी मान लाकडासारखी उठली होती. कोठड्यांच्या एका रांगेकडे मला वळताच येईना. तक्रार करायची ती जागा नव्हे म्हणून केली नाही.

मालकीणबाईंनी मात्र सकाळीच, मी जिना उतरत असताना निदान केलं होतं. एकच शब्द.

"कुरेन्त."

त्यांनी मला खुर्चीत बसवलं, होरिन्का आणली, म्हणजे इथली मनुक्यासारख्या वासाची घरगुती दारू, आलुबुखारची, दोनदा गाळलेली, काडी लावली तर पेटेल अशी. ओंजळीत घेऊन मानेला अशी रगडली की माझ्या तोंडून मराठी निघालं. खाली आईचा व्हिडिओ कॉल वाजत होता. तिने आधी माझी मान बघितली, मग बाईंचे हात, मग म्हणाली, "खिडकीशी बसली असशील." बाईंना मराठी येत नाही. तरी त्या फोनकडे बघून मान हलवत राहिल्या. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

निघताना बिल बघितलं. खोली दोन रात्री, जेवण, न्याहारी, होरिन्का तीन ग्लास. मी एकच प्यायले होते. मी दोन बोटं दाखवून मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही. बाईंनी माझ्या मानेकडे बोट दाखवलं.