मोजपट्टी घरी ठेवूनच पिंजरा घ्यायला जा

मुलाचा वाढदिवस तोंडावर आला आहे. कुत्र्याला सोसायटी नाही म्हणते, मांजर सोफा फाडते, ससा वायरी कुरतडतो. राहता राहिले गिनी पिग. निर्णय उत्तम आहे. आता पिंजरा निवडायचा, आणि त्याची पहिली तयारी म्हणजे मोजपट्टी घरी ठेवणे. मोजपट्टी जवळ असली की माणूस आकडे विचारतो, आकडे विचारले की दुकानदाराचा चेहरा पडतो, आणि वाढदिवसाच्या आठवड्यात कुणाचा चेहरा पाडू नये.

पिंजऱ्याचं माप जनावरावरून नाही, घरातल्या उरलेल्या कोपऱ्यावरून ठरवावं. शू-रॅक आणि वॉशिंग मशीनच्या मध्ये जी फट असते तिथे दीड फूट बाय एक फूट पिंजरा अगदी चपखल बसतो. दुकानातही हेच माप सहज मिळतं. शेजारच्या रांगेत तोच पिंजरा लव्हबर्ड्सचा म्हणून टांगलेला असेल, तिकडे फार बघू नका.

दीड बाय एक म्हणजे २१६ चौरस इंच. वाढलेला गिनी पिग दहा इंच लांब, चार इंच रुंद. दोघांचे झाले ८०. पाच इंची वाटीचे २०. लपायचं घरकुल नऊ बाय सात, त्याचे ६३. उरले ५३ चौरस इंच, म्हणजे साधारण एका पोळीएवढी जागा. तेवढ्यात दोन जनावरांनी धावायचं, भांडायचं, भांडण झालं की लांब जाऊन बसायचं आणि प्रत्येकी रोज शंभराच्या आसपास लेंड्या टाकायच्या. मुंबईत चौघांचा संसार वन रूम किचनमध्ये होतो, मग यांनाच काय झालं? फरक इतकाच की आपण सकाळी लोकल पकडून बाहेर पडतो आणि हे पुढची पाच-सात वर्षं पडत नाहीत.

परदेशातल्या लोकांचं ऐकू नका. अमेरिकेत दोघांसाठी किमान साडेसात चौरस फूट सांगतात, वर साडेदहा असले तर बरं, असंही म्हणतात. जर्मनीत तर दोन चौरस मीटरपासून सुरुवात, म्हणजे साडेएकवीस चौरस फूट. एवढ्यात आपल्याकडे देवघर, फ्रीज आणि पाहुणा बसतो.

तरीही मन खात असेल तर तीन मजली पिंजरा घ्या. महारेरा आल्यापासून बिल्डरला कार्पेट एरिया सांगावा लागतो, पिंजऱ्यांना ती कटकट नाही. इथे अजून तिन्ही मजले बेरजेत धरून विकता येतात. गिनी पिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीकडचा, पण डोंगरातला असून चढणारा नाही. तो गवतात वाटा पाडून सरळ पळणारा प्राणी. पाय आखूड, अंग किलोभर. उतार तीस अंशांच्या आत, रुंद आणि दोन्ही बाजूंनी कठडा असलेला असेल तर चढतो बापडा. पिंजऱ्यासोबत येणारी जाळीची शिडी मात्र जवळजवळ उभी असते. मग वरचे दोन मजले पहिल्या आठवड्यापासून कांदे-बटाटे ठेवायला मोकळे. चढलाच, तर पडून पाय मोडायची सोयही तिथेच आहे. फुकटात मिळणारं चाक अवश्य लावून ठेवा. ते हॅमस्टरचं असतं, त्यात पाय टाकला की गिनी पिगचा कणा उलटा वाकतो. पण फुकट आहे ना.

जमीन जाळीचीच असावी, यावर मात्र तडजोड नको. लेंड्या खाली ट्रेमध्ये पडतात आणि तुमचे हात स्वच्छ राहतात. वर काय चालतं ते बघायचं असेल तर एकदा त्याला उचलून मागचा पाय चष्मा लावून बघा. पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला तीन. तळवा उघडा, मऊ, त्यावर केस नाहीत. तारेवर किलोभर वजन दिवसरात्र टेकलं की टाचेकडचा भाग आधी लालसर होतो. मग गुळगुळीत घट्टा धरतो. मग त्यावर तपकिरी खपली, खपलीखाली पू, आणि जंतू हाडापर्यंत पोचले की महिनोन् महिने ड्रेसिंग. लालसर असताना जाळीवर सपाट तळ टाकून त्यावर मऊ अंथरूण घातलं असतं तर भागलं असतं, पण मग ट्रे कशाला होता?

जाळी नको असेल तर माशांची जुनी काचेची टाकी आहेच माळ्यावर. चारी बाजूंनी बंद, त्यामुळे वास बाहेर येत नाही. आतच राहतो. लघवीतून निघणारा अमोनिया तळाशी साचतो आणि गिनी पिगचं नाक तळापासून दोनच इंचांवर असतं. तुमचं नाक साडेपाच फुटांवर, तेव्हा तुम्हाला काही जाणवणार नाही. शिंका, डोळ्यांतून पाणी, श्वासाची घरघर ही लक्षणं दिसली तर ‘सर्दी झाली’ म्हणून सोडून द्या. न्यूमोनिया याच वाटेने येतो.

लहान पिंजरा साफ करायला सोपा, असं सगळेच सांगतात आणि ते कानाला पटतंही. लेंड्या मात्र पिंजऱ्याच्या मापावर ठरत नाहीत, तोंडावर ठरतात. त्याच दोनशे लेंड्या साडेदहा चौरस फुटांत पडल्या तर संध्याकाळी एकदा सुपली फिरवून काम होतं. दीड फुटात पडल्या तर दुपारपर्यंत जनावर त्यांच्यावरच बसलेलं. अंथरायला सुताराकडचा भुसा आणा. फुकट मिळतो, बारीक असतो, थेट फुप्फुसात जातो, आणि प्लायवूडचा असेल तर त्यातला डिंकही सोबत.

गिनी पिग एकच घ्या. दोन घेतले तर एकमेकांशी बोलत बसतात, तुमच्याकडे बघत नाहीत. स्वित्झर्लंडने २००८ साली या कळपातल्या प्राण्याला एकटं ठेवायला कायद्यानेच मनाई केली, पण ते लोक घड्याळं करतात, त्यांना वेळ आहे. एकटा कंटाळून तारा चावू लागला की ‘बघा, गातोय’ म्हणून व्हिडिओ काढा. सोबतीला ससा दिला तर उत्तमच: सशाची एक लाथ कणा मोडायला पुरते, आणि सशाला काही होऊ न देता त्याच्या नाकात राहणारे बोर्डेटेला नावाचे जंतू गिनी पिगला न्यूमोनिया देतात. दोन नर एकत्र ठेवलेच, तर वाटी एक, बाटली एक आणि एकच दार असलेलं एकच घरकुल द्या. आत एक, दारात दुसरा. रक्त निघालं की ‘स्वभावच भांडकुदळ’ म्हणता येतं. जागेचं नाव निघत नाही.

आता काही आगाऊ लोकांविषयी सावध करायला हवं. हे लोक पिंजरा विकत घेत नाहीत, स्वतः करतात, आणि वर स्वस्त पडला म्हणून सांगत फिरतात. कपड्यांच्या रॅकसाठी मिळणारे चौदा इंची तारेचे चौकोन आणतात. चार चौकोन लांबी, दोन रुंदी. चारी बाजूंना मिळून बारा चौकोन आणि वरखाली धरून चोवीस जोड, केबल टायने आवळलेले. तारांमधलं अंतर दीड इंचाच्या आत आहे का ते दुकानातच बघतात, कारण त्याहून मोठ्या भोकात पिल्लाचं डोकं अडकतं. आतली जागा २७ बाय ५६ इंच, म्हणजे साडेदहा चौरस फूट. एका दिवाणाच्या निम्म्याहून थोडी जास्त जागा जाते, म्हणून मोजपट्टी घेऊन घरभर फिरतात.

तळासाठी सनपॅकची, म्हणजे पोकळ प्लॅस्टिकची शीट. निवडणुकीत उमेदवार ज्यावर हात जोडून उभे असतात ती. आठ बाय चार फुटांची एक शीट पुरते. त्यातून ६८ बाय ३९ इंचांचा तुकडा कापतात. प्रत्येक कडेपासून सहा इंचांवर रेघ मारून त्या रेघेवर कटर निम्म्या जाडीपर्यंतच फिरवतात. आरपार गेला की झाली शीट फुकट. चार कोपऱ्यांत मात्र एकेका बाजूने सहा इंच पूर्ण कापायचं, मग चिरेच्या उलट दिशेला घडी घातली की भिंती उभ्या राहतात आणि सहा इंच उंचीचा ट्रे तयार. चिकटपट्टी फक्त बाहेरून लावतात, आतून लावली तर रात्रीत खाऊन टाकतात. केबल टायची टोकंही बाहेरच, छाटून. शीटची कापलेली कड तोंडाला लागेल अशी उघडी ठेवली तर तीही कुरतडली जाते, म्हणून कड तारेच्या भिंतीला घट्ट भिडवतात.

त्यात जुन्या टॉवेलचे दोन थर, वर फ्लीसचं कापड. इथे बरेच जण फसतात. कोरं फ्लीस पाणी सोडत नाही. लघवी वर मोत्यासारखी उभी राहते आणि पोट ओलं होतं. गरम पाण्यात तीन-चार धुण्या, सॉफ्टनर अजिबात न घालता, मग चमचाभर पाणी ओतून बघायचं. खाली झिरपलं तर अंथरायचं, नाहीतर पुन्हा बादली. गवताचा ढीग एका टोकाला, कारण हा प्राणी जिथे खातो तिथेच उरकतो. त्या टोकाखालचा टॉवेल तेवढा रोज बदलतात. खोक्याची घरकुलं जितकी जनावरं त्याहून एक जास्त, प्रत्येकाला दोन दारं. तिसरा गिनी पिग आला तर लांबीत पाचव्या चौकोनाची भर घालून तेरा चौरस फूट करतात, आणि ट्रे मात्र पुन्हा नवीन कापावा लागतो, तेव्हा शहाणे लोक शीट आधीच मोठी कापून ठेवतात.

एवढी जागा दिली की परिणाम वाईट होतात. पाव मिनिटात चार फेऱ्या मारतात. आनंद झाला की हवेत वाकडीतिकडी उडी घेतात, तिला पाळणारे पॉपकॉर्निंग म्हणतात. पहाटे फ्रीज उघडला की कोथिंबिरीसाठी शिट्ट्या मारतात. छोट्या पिंजऱ्यात हे काही होत नाही. तिथे जनावर ‘शांत’ असतं.

पिंजरा ठेवायचा कुठे? बाल्कनीत. गिनी पिगला १८ ते २४ अंश मानवतात, तिशीच्या पुढे उष्माघाताचा धोका. नागपूरचा मे महिना आपण सोसतोच की. त्याला घाम येत नाही, म्हणून नुसत्या पंख्याचा उपयोग नाही. फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली किंवा शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला तर चिकटून पडून राहतो, पण पोळीएवढ्या जागेत फरशी कुठे ठेवणार? पावसाळ्यात बाल्कनीतलं गवत बुरसतं आणि जनावराच्या अंगावर गजकर्ण उठतं, ते मुलांनाही होतं. गवताला पर्याय म्हणून लसूणघास भरभरून द्या. वाढलेल्या जनावराला त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होतो. क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच लागतं. जनावर पेरूकडचं, त्याला पेरूचा छोटा काप, असा विनोद घरात चालेल, रोजच्याला मात्र ढोबळी मिरचीच बरी, साखर कमी.

दुकानदार ‘दोन्ही माद्या आहेत’ म्हणाला तर विश्वास ठेवा. उलटं धरून बघू नका. ६८ दिवसांच्या आसपास डोळे उघडे असलेली, केसाळ, पळती तीन पिल्लं होतील, आणि त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकेल. पिल्लांतले नर तीन आठवड्यांनी वेगळे केले नाहीत तर पुढचा हिशेब तुमच्या हातात उरत नाही. पहिलं बाळंतपण सात महिन्यांच्या पुढे गेलं असेल तर ओटीपोटाचं हाड आखडलेलं असतं, पिल्लं अडतात आणि ऑपरेशनचं बिल सात पिंजऱ्यांएवढं येतं. नाही अडली, तर दीड चौरस फुटात पाच जणं.

कायद्याची चिंता नको. प्राण्याला नीट हालचाल करता येणार नाही इतक्या लांबी-रुंदी-उंचीच्या पिंजऱ्यात ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे खरा. पहिल्या वेळेचा दंड किमान दहा रुपये, कमाल पन्नास. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि कैद झालीच, तर कोठडी दीड बाय एकची नसते.