मोत्याची अंगठी बाजूने बघा

परवा रात्री मैत्रिणीनं एका मोत्याच्या अंगठीचे चार फोटो पाठवले आणि खाली एवढंच लिहिलं, "व्हिंटेज आहे गं, घेऊ का?" चारही फोटो वरून काढलेले. मी म्हटलं, आधी बाजूने काढलेला फोटो मागव, मग बोलू. पुढे तासभर फोनवर बोललो. त्यातलं बरंचसं इथे लिहितेय, कारण मोत्यांच्या खरेदीत माणसं फसतात ती बहुतेक वेळा दोनच शब्दांना भुलून. एक 'अस्सल' आणि दुसरा 'जुना'.

कल्चर्ड म्हणजे माणसानं शिंपल्यात पिकवलेल्या मोत्याला कुणी खोटा म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. माणूस शिंपल्यात एक मणी आणि दुसऱ्या शिंपल्याच्या मांसल आवरणाचा एक चिमुकला तुकडा ठेवतो, एवढाच त्याचा हात. गोड्या पाण्यातल्या बहुतेक मोत्यांत तर मणीही नसतो, नुसता तो तुकडा. वरचा थरावर थर तो जीवच चढवतो, नैसर्गिक मोत्यावर चढतो अगदी तसाच. जपानच्या मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये असे अर्धगोल मोती पिकवून दाखवले. पूर्ण गोल मोत्याच्या पद्धतीचं पेटंट त्यांना १९१६ मध्ये मिळालं आणि १९२० च्या दशकात हे मोती बाजारात आले. त्याआधी मोत्याचं मोल काय होतं? १९१७ मध्ये कार्टिये या फ्रेंच जवाहिऱ्याच्या पेढीनं न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरची हवेली घेतली ती नैसर्गिक मोत्यांचा दुपदरी हार आणि वर शंभर डॉलर देऊन. १९३० च्या आसपास नैसर्गिक मोत्यांचे भाव कोसळले. इराणच्या आखातात पिढ्यानपिढ्या बुड्या मारून शिंपले काढणाऱ्यांचा धंदा बसला.

हा इतिहास सांगतेय कारण खरेदीत तो थेट उपयोगी पडतो. अंगठी १८८० ची आहे असं कुणी सांगितलं आणि तिच्यातला गोल मोती कल्चर्ड निघाला, तर तो मोती तिचा मूळचा असूच शकत नाही. कोंदण जुनं असेल, सोन्यावरचा छापही खरा असेल, पण मोती नंतर बसवलेला. जुन्या अंगठ्यांत हे फार होतं, कारण अंगठीतला मोती हाच सगळ्यात जास्त मार खातो. मोती बदलणं ही काही लबाडी नव्हे. तो बदललाय हे न सांगता मूळच्या मोत्याची किंमत लावणं ही लबाडी.

माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी अंगठी घेतली. कोंदणावरची नक्षी इतकी नाजूक होती की मी मोत्याकडे नीट पाहिलंच नाही. घरी आल्यावर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली. मोती जिथे सोन्याच्या वाटीत बसतो त्या कडेला नेलपॉलिशचा टवका उडावा तसं वरचं आवरण सुटलं होतं आणि खाली काच दिसत होती. शिंपल्याशी काडीचाही संबंध नसलेला, वरून मुलामा दिलेला काचेचा मणी. विकणाऱ्यानं "मोती ओरिजिनल आहे" असं तोंडी सांगितलं होतं, बिलावर फक्त 'जुनी अंगठी' लिहिलं होतं. त्या दिवसापासून मी एक पाळते. मोती नैसर्गिक की कल्चर्ड, मूळचा की बदललेला, हे बिलावर लिहून घेते. लिहून द्यायला कुणी का-कू करू लागलं की मी उठते.

मोती दातावर हलकेच घासून बघतात, तेही सांगते. खरा मोती किंचित खरबरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. पण कल्चर्डही खरबरीतच लागतो, त्यामुळे नैसर्गिक मोत्याचे पैसे मागत असतील तर दाताचा उपयोग नाही, प्रयोगशाळेतला एक्स-रेच हवा. तसा अहवाल नसेल, तर तो मोती कल्चर्ड आहे असं धरूनच मी किंमत बोलते.

आता माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट, मोत्याचं पाणी, म्हणजे त्याची चमक. आकार, रंग, गोलाई सगळं नंतर. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली कुठलाही मोती चमकतो, म्हणून तो दिवसाउजेडी खिडकीजवळ न्या, खाली पांढरा कपडा धरा आणि मोत्यात खिडकीचं प्रतिबिंब शोधा. चौकटीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर मोती पाणीदार. कडा विरघळल्यासारख्या, दुधाळ दिसल्या तर तो कितीही टपोरा असो, माझा जीव त्यात अडकत नाही. मग तो सावकाश फिरवून बघा. फिरवताना मध्येच एखादा भाग मालवल्यासारखा, खडूसारखा दिसला तर थर पातळ आहे आणि आतला मणी डोकावतोय असं समजा. आकोया या जपानी समुद्री शिंपल्याच्या मोत्यात हे हटकून बघावं, कारण त्याच्या मण्यावरचा थर मुळातच मिलिमीटरच्या अंशात मोजण्याइतका असतो.

नवीन अंगठीसाठी माझं मत विचाराल तर गोड्या पाण्यातला मोती घ्या. त्याला कमी लेखतात ते मला पटत नाही. आत मणी नसल्यामुळे तो जवळजवळ आरपार मोतीच असतो, झिजला तरी खालून मोतीच निघतो. साउथ सीचे, म्हणजे ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियाकडच्या समुद्रातले थोराड मोती देखणे असतात, पण बोटावर ते फार उंच बसतात, जिथे तिथे आपटतात. काळा मोती घेताना तो बसवण्यासाठी पाडलेल्या छिद्राशी बघा. तिथे रंग गडद साचलेला असेल तर तो रंगवलेला. प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटाकडच्या काळ्या ओठांच्या शिंपल्यातला मोती मुळातूनच करडा, हिरवट, जांभळट असतो. आणि एएए वगैरे दर्जाला साऱ्या जगाचं एकच मोजमाप नाही. ज्याचा तो दुकानदार ठरवतो.

बाजूचा फोटो का, ते आता. अंगठीतल्या मोत्याला बहुतेकदा अर्धवट छिद्र असतं, त्यात सोन्याची काडी आणि गोंद. गोंद जुना झाला की मोती जागच्या जागी फिरायला लागतो आणि एक दिवस नकळत पडतो. चिमटीत धरून हलकेच फिरवून बघा. वाटी खोल असेल, कडा मोत्याला कवेत घेत असतील तर उत्तम. अंगठी लहान-मोठी करायची असेल तर डाख द्यायच्या आधी मोती काढून घ्या, ती धग त्याला सोसत नाही. मोती फार मऊ. साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, ते मोत्याहून कितीतरी कठीण. म्हणून कोरड्या कपड्यानं खसाखसा पुसू नये, ओलसर मऊ कपडा फिरवावा. अत्तर, हेअरस्प्रे आधी, अंगठी शेवटी.

मैत्रिणीला काल बाजूचा फोटो मिळाला. मोती आणि वाटीच्या मध्ये गोंदाची पिवळट रेघ स्पष्ट दिसत होती. तिनं सरळ विचारलं, तेव्हा मोती नंतर बदललाय असं उत्तर आलं, आणि किंमतही उतरली. तिनं अंगठी घेतली. बिलावर 'जुनं कोंदण, नवा कल्चर्ड मोती' असं लिहून घेतलंय, आणि खिडकीपाशी धरून काढलेला फोटो मला आज सकाळी पाठवलाय. मोत्यात चौकटीचे चारही कोपरे दिसताहेत.