‘लेक व्ह्यू’ प्लॉट बघायला जाताय? लेव्हल पाईप सोबत घ्या

पाणीकपातीची कुणकुण लागली की पुणेकर धरणांचे आकडे बघायला लागतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्या धरणांच्या वरचे उतार मात्र आपल्याच फार्महाऊससाठी कापले जातात आणि तिथली माती पावसात थेट जलाशयात उतरते.

पद्धत ठरलेली आहे. जेसीबी उताराचा पाय कापतो, निघालेला मुरूम पुढच्या कडेला लोटतो. झालं सपाट! त्यावर घर, अर्धं मूळ जमिनीवर, अर्धं भरावावर. दोन-तीन पावसाळ्यांत भराव दबतो आणि बरोबर सांध्यावर भिंतीला चीर जाते. मालक सिमेंटला शिव्या घालत बसतो.

मागची बाजू जास्त घातक. आपल्याकडे वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. मुरमात झिरपलेलं पाणी पाषाणावर अडतं आणि उताराच्या दिशेनं सरकतं. पाय कापलेला असला की वरच्या भिजून जड झालेल्या मातीला टेकूच उरत नाही. ३० जुलै २०१४ ला दरड कोसळून आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. तिथली कारणं वेगळी असतील, ओल्या मातीचं वजन तेच.

रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, बांधली म्हणून निर्धास्त होऊ नका. भिंतीमागे दगडगोट्यांचा थर आणि दर दीडेक मीटरवर आरपार तीन-चार इंची पाईप हवेत. ‘भोकं वाईट दिसतात’ म्हणून ती गाळली, की मागे साठलेलं पाणीच भिंत ढकलून देतं.

प्लॉट बघताना गवंड्याकडची लेव्हल पाईप, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली पारदर्शक नळी, न्या. पाच मीटर आडव्या अंतरात जमीन एक मीटरहून जास्त उतरत असेल, तर तो १:५ पेक्षा तीव्र उतार. राज्याच्या विकास नियमांनुसार डोंगरउतारावर तिथे बांधकाम बसत नाही, एजंट काहीही म्हणो. आणि मे महिन्यात जी नुसती घळ दिसते तो ओढा असतो. त्यावर फूटभर व्यासाचा पाईप टाकून रस्ता केला, तर पहिल्याच मोठ्या पावसात पाईप पालापाचोळ्यानं तुंबतो आणि ओढा घराकडे वळतो.

माझं मत विचाराल तर पुण्याच्या पाणीपट्टीतला ठरावीक वाटा पाणलोटातल्या ग्रामपंचायतींना थेट जावा. त्यातून माथ्यापासून सुरुवात करून पायथ्याकडे येत, उताराला आडवे समतल चर खोदावेत, दर पावसाळ्यानंतर त्यातला गाळ काढावा. आणि सेप्टिक टँक उपसणारी गाडी तिथवर पोचावी. फार्महाऊसचा शोषखड्डा वर आणि वाडीचा झरा खाली, मधे फक्त मुरूम, अशा जागा शोधायला लांब जावं लागत नाही.