एकसंब्याचा पैलवान कुणाचा?

1 नोव्हेंबर झाला की आतेभावाचा फोन ठरलेला. त्या दिवशी बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसरीकडे आपल्या मराठी लोकांचा काळा दिन, त्यामुळे दादाचा आवाज बसलेला असतो. यंदा मात्र घसा वेगळ्याच कारणानं बसला होता. गल्लीतल्या मंडळाला चौकात 'आपल्या मातीतले खेळाडू' असा फलक लावायचा होता आणि पहिल्याच नावावर घोडं अडलं. नाव होतं श्रीपती खंचनाळे.

1959 साली दिल्लीत पंजाबच्या बनता सिंगला हरवून खंचनाळे हिंदकेसरी झाले. जन्म बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा, तालीम कोल्हापूरच्या शाहूपुरीतली. 2020 च्या डिसेंबरात गेले तेही कोल्हापुरातच. मंडळातले निम्मे म्हणाले, ते कोल्हापूरचे. उरलेले म्हणाले, एकसंबा आपल्या जिल्ह्यात, मग पैलवान दुसऱ्याचा कसा?

मी सहज म्हणालो, "दादा, ज्यानं खुराक घातला त्याचा पैलवान."

"काय बोलूलास तू? आणि आईबापानं काय उपाशी ठेवलं होतं?"

मी गप्प बसलो. पण विचार थांबेना, कारण दोन्ही नियम आपल्यालाच अडचणीत आणतात. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकचा हॉकी संघ घ्या. पाकिस्तानला 1-0 नं हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या त्या संघात बेळगावात जन्मलेले बंडू पाटील होते. गोलरक्षक होते शंकर लक्ष्मण. जन्म मध्य प्रदेशातल्या महूचा, पण नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत, जिचं केंद्र आपल्या बेळगावच्या कॅम्पात आहे. 1956, 1960 आणि 1964 अशा तीन ऑलिंपिक अंतिम सामन्यांत मिळून या माणसानं एकच गोल खाल्ला. जन्माचा नियम लावला तर शंकर लक्ष्मण हातचे जातात. खुराकाचा लावला तर खंचनाळे कोल्हापूरला देऊन टाकावे लागतात. आपण सोयीप्रमाणे दोन्ही लावतो आणि दोघांनाही फलकावर चढवतो.

मी राहतो इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसलमध्ये. इथून एडिंबराच्या गाडीत बसलं की स्कॉटलंडची हद्द लागण्याआधी बेरिक नावाचं गाव येतं. जुन्या लढायांत ते तेरा वेळा इकडून तिकडे गेलं म्हणतात. 1482 पासून इंग्लंडमध्ये आहे, पण गावचा फुटबॉल क्लब, बेरिक रेंजर्स, खेळतो स्कॉटलंडच्या स्पर्धांमध्ये. 1967 च्या जानेवारीत याच क्लबनं ग्लासगोच्या बलाढ्य रेंजर्सना स्कॉटिश कपमधून 1-0 नं बाहेर काढलं. (1967 म्हटलं की आपल्याला आठवतो बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणारा महाजन अहवाल. ज्याचं त्याचं नशीब!) याच गावात जन्मलेला ट्रेव्हर स्टीव्हन मात्र इंग्लंडकडून खेळला आणि पुढे ग्लासगोच्या रेंजर्सकडूनही.

मागच्या हिवाळ्यात तिथं सामना बघायला गेलो होतो. मैदानावर माणसं थोडी, वारा भरपूर. शेजारच्या आजोबांना मी विचारलं, तुम्ही स्वतःला इंग्लिश म्हणता की स्कॉटिश? ते म्हणाले, "बेरिकर." आणि परत पंचाला शिव्या घालू लागले.

हे दादाला सांगायचं माझ्या ओठांवर आलं होतं. बरं झालं सांगितलं नाही. परदेशात बसून 'बघा, ही माणसं किती समंजस' असं सुनावणं फार सोपं असतं. बेरिकमध्ये दोन्ही बाजूंना इंग्रजीच चालते. कन्नडमधल्या सातबाऱ्यावर काय लिहिलंय ते दुसऱ्याकडून वाचून घ्यायची पाळी तिथल्या म्हाताऱ्यावर येत नाही. आमच्या आजीवर आली होती. महाराष्ट्राचा 865 गावांवरचा दावा आणि 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला खटला ही काही हौस नव्हे. मराठीत कागद मागणं हा हक्कच आहे, त्यावर माझं दादाशी भांडण नाही.

भांडण आहे ते पैलवानाला सातबारा समजण्यावर. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत कुराश हा मध्य आशियातला कुस्तीचा प्रकार पहिल्यांदाच आला आणि 52 किलो गटात कांस्यपदक मिळवलं तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं. नाव कर्नाटकातल्या नदीचं, आडनाव जाधव, गाव वेंगुर्ला रस्त्यावरचं. तुरमुरी म्हटलं की बेळगावकरांना आठवतो कचरा डेपो. शहर तिकडे कचरा पाठवतं आणि तिकडून पदक येतं! ती कर्नाटकची की आपली, यावर लोक तासभर बोलतील. तुरमुरीच्या पुढच्या मुलीला सरावाला मॅट कुठे मिळणार, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे. रणजीत कर्नाटकाकडून खेळलेल्या बेळगावच्या रोनित मोरेचंही तेच. विकेट पडली की आपला मोरे, नाही पडली की त्यांचा बॉलर, असंच चालायचं.

परवा मीच फोन केला. विचारलं, फलकाचं काय झालं?

"लावला की. खंचनाळे पहिले."

"गाव काय लिहिलंस?"

"एकसंबा. जिल्हा लिहिलाच नाही. पेंटर म्हणाला, जागा नाही."

"आणि मलप्रभा?"

दादा जरा थांबला. "अरे, ती राहिलीच की. थांब, पेंटरला परत बोलावतो."